कोरा कागद, खरी मोहोर

हिजरी सन 886, सफर महिन्याची 5 तारीख. इंग्रजी हिशेबाने 5 एप्रिल 1481. बिदर मागे दूर राहिले होते आणि कृष्णाकाठच्या कोंडापल्लीला बहमनी सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाची छावणी पडली होती. त्या दिवशी छावणीत सत्तरीच्या एका वझिराची मान उडवली गेली. वझीर म्हणजे ख्वाजा महमूद गावान. अपराध म्हणजे एक पत्र, जे त्याने लिहिलेच नव्हते.

या दिवसाची हकीकत सर्वांत तपशिलाने सांगितली ती इतिहासकार फिरिश्त्याने. घटकापळांची नोंद त्याने ठेवलेली नाही, पण कशानंतर काय घडले हे तो एखाद्या पंचनाम्यासारखे सांगतो. मात्र एक लक्षात ठेवून वाचायचे. फिरिश्ता लिहीत होता सव्वाशे वर्षांनी आणि विजापूरच्या आदिलशाहीच्या आश्रयाने. ती आदिलशाही ज्याने उभी केली, तो युसूफ आदिलखान गावानच्याच हाताखाली मोठा झालेला. त्यामुळे फिरिश्त्याचे मन कुणाकडे झुकते, हे उघड आहे.

28 वर्षे शिल्लक

1453 च्या सुमारास इराणातल्या गीलान प्रांताचा एक व्यापारी दाभोळ बंदरात उतरला. वय चाळिशीच्या पुढे. घराणे गीलानच्या दरबारात वजन असलेले, पण तिथल्या राजकारणात पाय टिकेना म्हणून बाहेर पडलेले. बिदरमध्ये सूफी शाह मुहिबुल्लाचे दर्शन घ्यायचे, माल विकायचा आणि पुढे जायचे, असा बेत होता. दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाने त्याला दरबारात ठेवून घेतले आणि नलगोंड्याचे बंड मोडायला हजार स्वार देऊन पाठवले. व्यापाऱ्याची तागडी तिथे सुटली, निदान बाहेरून तरी.

ज्या दरबारात तो शिरला तिथे दोन तट होते. एक दख्खनी म्हणजे इथे मुरलेले, त्यांच्यासोबत हबशी. दुसरे आफाकी म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून नव्याने आलेले. याच काळात, शतकाच्या मध्यावर, चाकणला जे घडले ते पुढचे समजायला उपयोगी आहे. खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या रानात शिर्के आणि संगमेश्वरकरांनी बहमनी फौज कापून काढली. वाचलेले आफाकी चाकणच्या गढीत येऊन बसले. दख्खनी सरदारांनी बिदरला लिहून कळवले की हे लोक फितले आहेत. आफाकींचे खुलाशाचे अर्ज वाटेतच अडवले गेले. सुलतानाच्या हाती पोचले ते एकाच बाजूचे कागद, आणि चाकणला शेकड्यांनी माणसे मारली गेली. खरे काय ते नंतर बाहेर आले, शिक्षाही झाल्या. कागदाने माणूस मारता येतो, हे बिदरच्या दरबाराला गावानच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होते.

15 वर्षे शिल्लक

1466. तीन सुलतान पाहून झाले होते. त्यांतल्या हुमायूनने त्याला मलिक-उत-तुज्जार म्हणजे व्यापाऱ्यांचा म्होरक्या हा किताब दिला. पुढे गादीवर पोरे बसली तेव्हा राजमाता नर्गिस बेगम, ख्वाजा-ए-जहान तुर्क आणि गावान अशा तिघांनी कारभार हाकला. तुर्काचा काटा निघाल्यावर गावान मुख्य वझीर झाला आणि ख्वाजा-ए-जहान हा किताबही त्याच्याकडे आला.

याच सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन सौदागर चौलला उतरून, जुन्नरला पावसाळा काढून बिदरला पोचला. त्याच्या वहीत ‘मेलिक तुचार’ येतो तो हाच. रोज पाचशे माणसे त्याच्याकडे जेवायला बसतात, असे निकितिन लिहितो.

पण गावानची खरी हुकमत लेखणीवर होती. त्याच्या पत्रांचा संग्रह ‘रियाज-उल-इन्शा’ नावाने आजही वाचायला मिळतो. ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद, ज्याने कॉन्स्टँटिनोपल घेतले, त्याला लिहिलेली पत्रे त्यात आहेत. हेरातचा कवी जामी याला दख्खनेत येण्याची विनवणी आहे, गीलानच्या राजांशी खलबत आहे. जोडीला त्याने ‘मनाजिर-उल-इन्शा’ लिहिला, म्हणजे पत्र कसे लिहावे याचा शास्त्रग्रंथ. कुणाला कोणते मायने, वरच्याला काय, बरोबरीच्याला काय, याचे नियम त्यात घालून दिलेले. पंधराव्या शतकातल्या दख्खनेत परराष्ट्र खाते म्हणावे असे काही असेल, तर ते या एका माणसाच्या दौतीत होते.

9 वर्षे शिल्लक

1472 हे त्याच्या भरभराटीचे साल. कोकणात जवळजवळ तीन वर्षे झाडीतून वाटा काढत त्याने खेळणा आणि संगमेश्वर घेतले आणि फेब्रुवारीत विजयनगरकडून गोवा जिंकला. बिदरमध्ये त्याचा मदरसा पुरा झाला. चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो अजून उभा आहे. दोनपैकी एकच मिनार शिल्लक, कारण औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने पुढची बाजू कोसळली. उरलेल्या मिनारावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या कौलांचे नागमोडी पट्टे आहेत. निम्मी कौले गळून पडलीत, आत चुना दिसतो, तरी दुपारच्या उन्हात उरलेला निळा डोळ्यांत भरतो. आत तीन हजार पोथ्या होत्या, अध्यापक आणि विद्यार्थी यांच्या राहण्याजेवणाची सोय होती.

कोकणातून परतल्यावर सुलतान आठवडाभर त्याच्या घरी पाहुणा राहिला. त्यानंतरची गोष्ट फिरिश्ता सांगतो. सुलतान गेल्यावर गावानने खोलीचे दार लावून घेतले, जरीचे कपडे उतरवले, रडला आणि घरातली चीजवस्तू पंडित-फकिरांत वाटून टाकली. मागे ठेवले ते हत्ती-घोडे आणि पुस्तके. हत्ती-घोडे सुलतानाचे आणि पुस्तके विद्यार्थ्यांची, असे त्याचे म्हणणे. गोष्टीला साधुत्वाची पुटे चढली असतील, पण ऐन वैभवात त्याला धास्ती वाटली असेल तर ती अस्थानी नव्हती. लवकरच बेळगावच्या मोहिमेत नर्गिस बेगम वारली. तरुण सुलतानाला दटावू शकणारे एकमेव माणूस गेले, आणि त्याचे पिणे वाढत चालले.

शेवटची काही वर्षे

त्याच्या मरणाचे खरे कारण मला इथे दिसते. पत्र हे नुसते निमित्त.

बहमनी राज्याच्या चार तरफा, म्हणजे सुभे, होत्या: दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा आणि तेलंगण. राज्य दोन्ही समुद्रांना टेकले आणि तरफदार लहानसहान राजे होऊन बसले. गावानने चारांच्या आठ केल्या. दौलताबादेतून जुन्नर काढले, वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग पाडले, गुलबर्ग्यातून विजापूर वेगळे झाले, तेलंगणाचे राजमहेंद्री आणि वरंगळ झाले. गुलबर्गा म्हणजे आजचे कलबुर्गी. बिदरच्या आधी राजधानीचा मान त्याच शहराकडे होता, त्यालाही त्याने सोडले नाही. प्रत्येक तरफेतले काही परगणे काढून त्यांचा वसूल थेट सुलतानाच्या खजिन्याला लावला. जमिनीची मोजणी आणि गावांच्या शिवा ठरवण्याचे काम काढले.

इथवर कुरकुर झाली असती, कट झाला नसता. पुढची दोन कलमे जिव्हारी लागली. एक, तरफदाराच्या हाती एकच किल्ला. बाकी किल्ल्यांवर किल्लेदार बिदरहून नेमले जाणार आणि पगारही बिदरचाच खाणार. दोन, फौजेची हजेरी. पाचशे स्वारांमागे सरदाराचे पैसे वर्षाला सव्वा लाख होनांपर्यंत वाढवून दिले, पण हजेरीत जितके स्वार कमी भरतील तितके पैसे कापले जाणार. कागदावर पाचशे आणि पागेत तीनशे ठेवून मधला फरक खाणे, ही त्या काळच्या सरदारीची मुख्य मिळकत होती. व्यापाऱ्याची तागडी सुटली नव्हती ती अशी. गावानने राज्य हिशेबाला बसवले आणि हिशेबात ज्यांची चोरी निघत होती ते सगळे एकत्र आले.

सर्वांत जास्त दुखावला तो मलिक हसन बहरी, निजाम-उल-मुल्क. हा जन्माने ब्राह्मण, लहानपणी पकडून आणून मुसलमान केलेला, सुलतानाच्या घरात वाढलेला. पाथरीच्या कुलकर्ण्यांचा वंश म्हणून पुढे निजामशाहीने सांगितला तो याचाच. सगळे तेलंगण आपले, असे तो धरून चालला होता. वाटणीत त्याला अर्धेच मिळाले.

23 दिवस शिल्लक

मार्चच्या मध्यावर सुलतान कोंडापल्लीहून निघून थेट कांचीपर्यंत धडकला, देवळे लुटली आणि परत आला. गावान मागे कोंडापल्लीतच राहिला होता. युसूफ आदिलखानाला आफाकी फौजेच्या मोठ्या भागासह विजयनगरच्या साळुव नरसिंहावर पाठवण्यात आले. छावणीत गावानच्या पाठीशी उभे राहील असे कोणी मातब्बर उरले नाही. हसन बहरी मात्र तिथेच होता.

काही दिवस शिल्लक

जरीफ-उल-मुल्क दख्खनी आणि मिफ्ताह हबशी या दोघांनी गावानच्या मोहोरदाराशी दोस्ती वाढवली. मोहोरदार एक हबशी गुलाम होता. आधी घोडे, कपडे, जवाहीर अशा भेटी झाल्या. मग एके दिवशी त्याला दारू पाजून एक घडी घातलेला कागद पुढे केला. आमच्या एका मित्राची बरात आहे, दिवाणातल्या बहुतेकांच्या मोहोरा झाल्या, एवढी ख्वाजाची राहिली आहे. बरात म्हणजे अमक्याला एवढी रक्कम द्या अशी सरकारी चिठ्ठी. असले कागद मोहोरदाराकडे रोज येत. त्याने घडी उलगडलीसुद्धा नाही. होती तशीच ठेवून वर मोहोर उमटवली.

आत काहीच लिहिलेले नव्हते. कोऱ्या कागदावर खरी मोहोर घेऊन दोघे हसनच्या डेऱ्यात गेले आणि मजकूर मागाहून भरण्यात आला. ओरिसाच्या गजपती पुरुषोत्तमाला उद्देशून गावान लिहितो असे दाखवले: या दारुड्या सुलतानाला आम्ही कंटाळलो, राजमहेंद्रीच्या सरहद्दीवर धड सरदार नाही, तुम्ही तिकडून चालून या, मी इकडून उठतो, राज्य निम्मे निम्मे वाटून घेऊ.

मजकूर बेतणाऱ्याला सुलतानाची नस ठाऊक होती. फितुरीचा आरोप सुलतानाने कदाचित तपासून पाहिला असता. ‘दारुडा’ हा शब्द तपासायला तो थांबणार नव्हता, कारण तो खरा होता.

काही तास शिल्लक

हसन दरबारात हजर असेल आणि गावान नसेल अशी वेळ साधून पत्र पुढे आले. सुलतान प्यायलेला होता. मोहोर त्याने ओळखली. हसनने तेल ओतले. आठ-नऊ वर्षांचा गादीवर बसल्यापासून ज्याला बापासारखे पाहिले, त्याच्याबद्दल एक प्रश्न विचारावा असे सुलतानाला वाटले नाही. पत्र कुठे पकडले? नेणारा जासूद कोण, आणि तो आत्ता आहे कुठे? पत्रशास्त्राचा ग्रंथ लिहिणारा माणूस एका राजाला असा उघडानागडा मजकूर, आपल्याच मोहोरेनिशी धाडील का?

मराठी माणसाला बिदरचा पातशहा ओळखीचा आहे तो दामाजीपंतांमुळे. मंगळवेढ्याची धान्याची कोठारे दुष्काळात लुटवली म्हणून दामाजींना बिदरला बोलावणे जाते, आणि ते पोचण्याआधी विठू महार येऊन रक्कम भरतो, पावती घेतो. त्या कथेतही पातशहा एका कागदावर भुलून जातो, आणणाऱ्याचे नावगाव तपासत नाही. फरक इतकाच की तिथे कागदामागे विठोबा होता.

बोलावणे

गावानला तातडीने हजर होण्याचा हुकूम गेला. छावणीत कुजबूज आधीच पसरली होती. त्याच्या माणसांनी सांगितले, आज जाऊ नका, प्रकृतीचे निमित्त सांगा. काही सरदार म्हणाले, हजार स्वार तयार आहेत, आत्ता निघू आणि गुजरातेत पोचू.

हा पर्याय पोकळ नव्हता. गुजरातच्या सुलतानाने त्याला आनंदाने ठेवून घेतले असते. पण पळालो तर पत्र खरे ठरते, हे ओळखण्याइतका तो मुरलेला होता. त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा: ही दाढी बापाच्या चाकरीत पांढरी झाली, मुलाच्या हातून ती लाल झाली तर त्यात मानच आहे. ज्याने अपराध केला नाही तो का पळेल?

समोरासमोर

सुलतानाने नमस्काराचा स्वीकारही धड केला नाही. विचारले, धन्याशी बेइमानी करणाऱ्याला आणि ती शाबीत झालेल्याला काय शिक्षा द्यावी?

गावान म्हणाला, अशाला दया नको. तलवार.

पत्र पुढे आले. वाचून त्याने शपथ घेतली आणि म्हणाला, मोहोर माझी आहे, लेख माझा नाही.

वकिली थाटाने पाहिले तर हे उत्तर घातक होते. मोहोरच बनावट आहे, असे तो म्हणू शकला असता. पण मोहोर खरी होती आणि खऱ्याला खोटे म्हणणे त्याला जमले नाही. तपास कुठून सुरू करायचा हे त्या एका वाक्यात त्याने सुलतानाला सांगून टाकले होते: मोहोर कुणाजवळ असते, त्याला विचारा. मोहोरदार त्याच छावणीत होता.

सुलतानाने जौहर नावाच्या हबशी गुलामाला हुकूम दिला आणि तो उठून जनान्याकडे वळला. गावानने मागून सांगितले, माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या मरणाने काही बिघडत नाही; तुमचे मात्र राज्य जाईल आणि नावही जाईल. सुलतान थांबला नाही. गावान पश्चिमेकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला, कलमा म्हटला. जौहरची तलवार पडली. तेवढ्यात गावानच्या बाजूचा असदखान गीलानी आत आला, तोही तिथेच कापला गेला.

त्यानंतरचे तास

गावानचे डेरे लुटायची मोकळीक मिळाली. छावणीतल्या बाजारबुणग्यांनी हात मारून घेतला. त्याच्या पदरचे आफाकी स्वार घोड्यांवर बसून युसूफच्या गोटाकडे सुटले.

सुलतानाला आता खजिना हवा होता. एवढी वर्षे वझिरी केलेल्या माणसाकडे काय नसेल! गावानचा खजिनदार निजामुद्दीन गीलानी याला उभे केले. त्याने सांगितले, मालकाचे दोन खजिने होते. एक सुलतानाचा: जहागिरीचा वसूल यायचा, फौज आणि पागा यांवर जायचा. दुसरा गरिबांचा, त्यात या घडीला 300 लारी आहेत. लारी म्हणजे चांदीची तार दुमडून केलेले इराणी आखातातले नाणे. व्यापाऱ्यांच्या थैलीतून ते दख्खनेत आले. आणि मालकाचा स्वतःचा खर्च? इराणातून आणलेल्या भांडवलावर अजून थोडा व्यापार चाले, त्याच्या नफ्यातून. चटईवर झोपायचे, मातीच्या भांड्यात शिजवून खायचे.

मग त्या खजिनदाराने, मालकाचे रक्त वाळायच्या आत, तो प्रश्न विचारला जो विचारायला दिवसभरात कुणीच धजले नव्हते. हुजूर, अशी हजार डोकी आपल्यावरून ओवाळून टाकावीत. पण ते पत्र नेणारा माणूस कोण होता? त्याला एकदा समोर आणा, म्हणजे आमचाही संशय फिटेल.

सुलतानाने पत्र आणणाऱ्यांकडे पाहिले आणि जासूद हजर करा म्हणाला. जासूद नव्हताच.

त्यानंतरचे दिवस आणि वर्षे

वऱ्हाडचा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क आणि माहूरचा खुदावंदखान हबशी यांनी आपले डेरे उपटून छावणीपासून दूर नेऊन ठोकले. या दोघांपैकी कुणीही आफाकी नव्हता. फतहुल्ला तर विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला हिंदू पोर. तेव्हा हा सगळा दख्खनी-आफाकी झगडा, असे म्हणून मोकळे होता येत नाही. सुलतानाने बोलावले तेव्हा दोघांनी उत्तर पाठवले: गावानची ही गत, तर आमचे काय? युसूफ येईल तेव्हा बघू. युसूफ आला आणि तोही लांबच उतरला. सुलतानाने चुचकारून विजापूर त्याच्या हवाली केले. सरदार मुजरा करत तो दुरून, हत्यारबंद.

गावानचे शव बिदरला नेऊन शहराच्या दक्षिणेला गोरनळ्ळीजवळ पुरले. पुढच्याच महिन्यात, 3 मे 1481 ला, तिकडे दुसरा मेहमेदही वारला. आधीच्या पत्रव्यवहाराची दोन्ही टोके एका ऋतूत गळली. मार्च 1482 मध्ये मुहम्मदशहा दारूने खंगून मेला. वय तिशीच्या आत. शेवटच्या भ्रमात, गावान मला फाडतो आहे असे तो ओरडत होता, अशी फिरिश्त्याची नोंद आहे.

हसन बहरीला मलिक नाइब हा किताब मिळाला आणि बारा वर्षांच्या नव्या सुलतानाच्या नावाने राज्य करायला मिळाले. ते चार वर्षे चालले. 1486 मध्ये बिदरच्याच किल्ल्यात, ज्याला आपला माणूस समजत होता त्या किल्लेदार दिलपसंदखानाने त्याचा गळा दाबून जीव घेतला. बापाची बातमी कळली तेव्हा मुलगा मलिक अहमद जुन्नरला होता. दौलताबादची ताकद कमी व्हावी म्हणून गावानने जी तरफ वेगळी काढली होती, तीच ही. तिच्याच जोरावर मलिक अहमदने 1490 मध्ये बिदरला झुगारले आणि पुढे अहमदनगर वसवले. त्याच वर्षी युसूफने विजापूर आणि फतहुल्लाने वऱ्हाड वेगळे केले.